आठ गुंठे की दहा? एकाच कार्बनचे दोन बीईटी आकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. उसाचं चिपाड फॉस्फोरिक आम्लात भिजवून, भट्टीत भाजून सक्रिय कार्बन तयार केला. एकाच बरणीतला नमुना दोन प्रयोगशाळांना दिला. पहिलीनं ग्रॅममागे ८१२ चौरस मीटर पृष्ठफळ कळवलं, दुसरीनं १०४५. पहिल्या अहवालात नमुन्याचं वजन ०.१००० ग्रॅम, डीगॅसिंग (निर्वातात तापवून आतलं पाणी आणि बाष्पं काढून टाकणं) १२० अंश सेल्सिअसला तीन तास, बीईटी या पृष्ठफळाच्या गणितासाठी घेतलेली सापेक्ष दाबाची (वायू द्रव होतो त्या दाबाच्या मानानं दाब किती) पट्टी ०.०५ ते ०.३० आणि त्याच गणितातून निघणारा ‘सी’ हा स्थिरांक उणे ८७. दुसऱ्यात वजन ०.११३७ ग्रॅम, डीगॅसिंग ३०० अंशांना रात्रभर, पट्टी ०.०१ ते ०.०८ आणि सी १२२५. हाच कार्बन ओव्हनमध्ये ठेवला की वजन १२ टक्क्यांनी उतरतं. दोन्ही अहवालांत रंध्रांच्या आलेखावर ३.८ नॅनोमीटरला टोकदार सुळका आहे. गाईड म्हणतात मोठा आकडा छापा, मित्र म्हणतो सरासरी काढा. शिवाय एवढं पृष्ठफळ असूनही मेथिलीन ब्लू हा रंग पाण्यातून अपेक्षेइतका शोषला जात नाही. विश्वास कशावर ठेवायचा?

सरासरी तर मुळीच काढू नका. एक घड्याळ बंद आणि एक चालू असेल, तर दोन्हींच्या मधली वेळ खरी नसते. तुमच्या दोन आकड्यांपैकी १०४५ चा पाया बरा आहे आणि ८१२ मध्ये दोन चुका आहेत. त्या दोन्ही तुम्ही दिलेल्या माहितीवरून कागदावर शोधता येतात, यंत्राकडे जायची गरज नाही. पण १०४५ हाही तुमच्या कार्बनचा ‘खरा’ पृष्ठभाग आहे असं मी म्हणणार नाही. ते का, ते पुढे सांगते.

आधी यंत्र काय करतं ते पाहू, कारण बहुतेक घोळ तिथल्या गैरसमजातून होतात. आमच्याकडे येणारे विद्यार्थी म्हणतात, ‘मशीननं पृष्ठफळ मोजलं.’ मशीन पृष्ठफळ मोजत नाही. मशीन फक्त दाब मोजतं. काचेच्या नळीत नमुना असतो, नळी लिक्विड नायट्रोजनच्या ड्यूअरमध्ये, म्हणजे थर्माससारख्या भांड्यात, बुडवलेली असते, आणि यंत्र ठरावीक आकारमानाच्या एका कप्प्यातून नायट्रोजन वायूचा मोजका हप्ता नळीत सोडतं. नमुना वायूला धरून ठेवत नसता तर दाब किती झाला असता हे माहीत असतं. प्रत्यक्ष दाब त्याहून कमी येतो. जो वायू हिशेबात हरवला तो नमुन्यावर चिकटला. असे चाळीस-पन्नास हप्ते देऊन दाबाविरुद्ध चिकटलेल्या वायूचा जो आलेख मिळतो, तो आयसोथर्म. मोजमाप इथं संपतं. पृष्ठफळ, रंध्रांचा व्यास, सरासरी, सुळके हे सगळं त्यापुढचं गणित आहे, आणि ते गणित करणाऱ्यानं काय गृहीत धरलं यावर आकडा हलतो.

पृष्ठफळाचं गणित फरशीसारखं आहे. खोलीत किती फरश्या बसल्या ते मोजा आणि एका फरशीच्या क्षेत्रफळानं गुणा. इथं फरशी म्हणजे नायट्रोजनचा रेणू, त्यानं व्यापलेली जागा ०.१६२ चौरस नॅनोमीटर धरतात. प्रमाण तापमान-दाबाला १ घन सेंटिमीटर नायट्रोजन पृष्ठभागावर एका थरात पसरला तर ४.३५३ चौरस मीटर झाकतो. तुमच्या दुसऱ्या अहवालात एका थराला ग्रॅममागे २४० घन सेंटिमीटर वायू लागला असणार. २४० गुणिले ४.३५३ म्हणजे १०४५. जमिनीच्या भाषेत एका ग्रॅममध्ये दहा गुंठ्यांहून थोडं जास्त. पहिल्या प्रयोगशाळेच्या मते आठ गुंठे. दोन गुंठे कुठं गेले?

पहिली चूक वजनाची आहे, आणि ती त्या ०.१००० या आकड्यातच दिसते. डीगॅसिंगनंतर नळीचं वजन करून जो आकडा येतो तो कधी इतका गोल नसतो. तो ०.०८७९ किंवा ०.११३७ असा वेडावाकडाच येतो. ०.१००० म्हणजे कुणीतरी तराजूवर नमुना टाकताना बरोबर शंभर मिलिग्रॅम झाल्यावर हात थांबवला आणि तेच वजन सॉफ्टवेअरमध्ये भरलं. त्यात १२ टक्के पाणी होतं. डीगॅस झाल्यावर नळीत कार्बन उरला ०.०८८ ग्रॅम, पण भागाकार झाला ०.१ ने. ८१२ भागिले ०.८८ केलं की ९२३ येतात. निम्मी तफावत इथंच मिटली.

वजनाबद्दल जरा जास्त बोलते, कारण या कामात सगळ्यात मोठी चूक लाखो रुपयांच्या यंत्रात होत नाही, शेजारच्या तराजूवर होते. रिकामी नळी, नमुन्यासह नळी आणि डीगॅसिंगनंतरची नळी अशी तीन वजनं हवीत, आणि हिशेबात पहिलं आणि तिसरं जातं. आता यातली गोम. डीगॅसिंग संपल्यावर नळीत निर्वात असतो, म्हणून ती काढण्याआधी तिच्यात वायू भरतात. कुठं नायट्रोजन भरतात, कुठं हेलियम. २० घन सेंटिमीटरची नळी नायट्रोजनऐवजी हेलियमनं भरली तर ती सुमारे २० मिलिग्रॅम हलकी भरते. रिकाम्या नळीचं वजन करताना आत हवा होती आणि आता हेलियम आहे, तर तुमच्या शंभर मिलिग्रॅमच्या नमुन्यातून २० मिलिग्रॅम गायब होतील आणि पृष्ठफळ एकदम पंचवीस टक्क्यांनी फुगेल. उपाय सोपा आहे: ज्या वायूनं शेवटी भरणार त्याच वायूनं भरून, त्याच बुचासकट रिकाम्या नळीचं वजन करा. दुसऱ्या प्रयोगशाळेला हे विचाराच. १०४५ वर माझा विश्वास ठाम व्हायला एवढंच उत्तर हवं आहे.

आणि पावसाळा. जुलैत पुण्यात कोरडा कार्बन उघड्या तराजूवर ठेवून पाहा, चौथ्या दशांशाचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत चढत जातो. असा नमुना ‘आधी तोलला’ तर कोणत्या क्षणाचं वजन खरं धरायचं? म्हणून आम्ही सुरुवातीच्या वजनाला किंमतच देत नाही, ते फक्त नळीत पुरेसा माल गेला आहे ना हे बघण्यासाठी. नायट्रोजनवर नीट मोजायला नळीत एकूण निदान पाच चौरस मीटर पृष्ठभाग हवा, वीस-पंचवीस असेल तर उत्तम. तुमच्या शंभर मिलिग्रॅममध्ये शंभराच्या आसपास आहे, म्हणजे माल भरपूर झाला.

डीगॅसिंगचं तापमान ही वजनापेक्षा कमी महत्त्वाची बाब. १२० अंशांना तीन तासांत मोकळं पाणी जाईल, पण अरुंद रंध्रांत अडकलेलं पाणी आणि कार्बननं हवेतून ओढलेली बाष्पं सगळी निघतील याची खात्री नाही. तुमचा कार्बन साडेचारशे-पाचशे अंशांना भाजलेला असेल तर ३०० अंशांना त्याला काही होत नाही. तिथं रात्रभर ठेवणं योग्यच. मात्र एकदम ३०० ला नेऊ नये. आधी ९० अंशांच्या आसपास तासभर, मग हळूहळू वर. ओल्या भुकटीला झटकन उष्णता आणि निर्वात दिला की आतली वाफ भुकटी घेऊन उडते, नळीच्या गळ्यात काळं जाळं दिसतं आणि थोडा माल थेट व्हॉल्व्हमध्ये जातो. तो व्हॉल्व्ह साफ करायची पाळी एकदा आली की माणूस आयुष्यभर सावकाश तापवतो. झालं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. पंप बंद करून नळी एकटी ठेवा आणि दाब वाढतो का ते पाहा. भराभर वाढत असेल तर अजून काहीतरी बाहेर येतंय, नाहीतर गळती आहे.

३०० अंश हा सगळ्यांसाठीचा नियम नव्हे, हेही लक्षात ठेवा. झिओलाइट ३५० ला निर्वातात तासन्‌तास ठेवतात, पण जिप्सम किंवा एखादं हायड्रॉक्साइड तसं तापवलं तर मोजायला वेगळाच पदार्थ उरतो. औषधांच्या गोळ्यांत वापरतात ते मॅग्नेशियम स्टिअरेट तर ४० अंशांनाच डीगॅस करायचं असतं.

आता दुसरी चूक, ९२३ ते १०४५ हा फरक. ही बीईटीच्या गणितातली आहे आणि इथं थोडा इतिहास कामी येतो. बी, ई, टी म्हणजे ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर. पहिले दोघे वॉशिंग्टनला सरकारी नायट्रोजन प्रयोगशाळेत अमोनिया बनवण्याच्या लोखंडी उत्प्रेरकावर काम करत होते, आणि उत्प्रेरकाचा पृष्ठभाग किती हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. टेलर म्हणजे पुढे हायड्रोजन बॉम्बशी नाव जोडलं गेलेले तेच एडवर्ड टेलर. तिघांचा निबंध १९३८ चा. लँगम्युअरनं वीस वर्षांपूर्वी रेणूंचा एकच थर बसतो असं धरून समीकरण मांडलं होतं; या तिघांनी थरावर थर बसू दिले. त्यांच्या डोक्यात उघडा पृष्ठभाग होता, जिथं पहिला थर बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तुमच्या कार्बनमध्ये मात्र दोन भिंतींमधली फट एक नॅनोमीटरच्या आसपास आहे. नायट्रोजनचा एक थर साधारण ०.३५४ नॅनोमीटर जाडीचा असतो. दोन्ही भिंतींवर एकेक थर बसला की मध्ये तिसऱ्यालाच जेमतेम जागा. तिथं थर बसत नाहीत, फट भरते, आणि ती फार कमी दाबाला, सापेक्ष दाब ०.०१ च्याही खाली, भरून जाते.

बीईटीच्या आलेखात एक सरळ रेषा काढायची असते. तिचा चढ आणि तिचा उभ्या अक्षावरचा छेद यांची बेरीज उलटी केली की एका थराला लागणारा वायू मिळतो, आणि चढाला छेदानं भागून त्यात एक मिळवला की सी. हा सी पृष्ठभागाला नायट्रोजनची ओढ किती आहे ते सांगतो. ओढ उणे असू शकत नाही; उणे असती तर वायू चिकटलाच नसता. म्हणून सी उणे आला की तो आकडा तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. उणे ८७ छापून अहवाल देणाऱ्यानं तो वाचला नव्हता एवढंच मी म्हणेन.

तो उणे का आला? रंध्रं आधीच भरून गेल्यामुळे ०.०५ ते ०.३० या पट्टीत तुमचा आयसोथर्म जवळजवळ सपाट असणार. सपाट आयसोथर्म बीईटीच्या आलेखात टाकला की बिंदू वर वळणारी कमान बनवतात. त्या कमानीतून फूटपट्टी टेकवून रेषा काढली तर ती खाली जाऊन शून्याच्या पलीकडे छेदते. छेद उणे, म्हणून सी उणे. चढही प्रमाणाबाहेर वाढतो, म्हणून थराचा वायू कमी आणि पृष्ठफळ कमी. दुसऱ्या अहवालात सी १२२५ आहे, म्हणजे तिथंही छेद चढाच्या बाराशेव्या हिस्स्याएवढा इवलासा आहे. पट्टीचं एक टोक किंचित हललं तरी तो शून्याच्या या बाजूचा त्या बाजूला जातो.

०.०५ ते ०.३० ही पट्टी पाठ्यपुस्तकातली आहे आणि सिलिका, अॅल्युमिना, टायटॅनिया यांना ती चालते. बऱ्याच यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशीच पट्टी आधीपासून भरून ठेवलेली असते, आणि कोणी ती बदलत नाही. सूक्ष्मरंध्री, म्हणजे दोन नॅनोमीटरहून अरुंद रंध्रांच्या, मालासाठी पट्टी निवडायच्या कसोट्या रूकरोल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिल्या आहेत, त्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांत लावता येतात. चिकटलेल्या वायूला एक वजा सापेक्ष दाब यानं गुणा. हा गुणाकार दाबाबरोबर आधी वाढतो, मग कळस गाठून उतरू लागतो. कळसाच्या पुढचे बिंदू घ्यायचे नाहीत. सी धन हवा. थर पुरा होतो तो दाब निवडलेल्या पट्टीच्या आतच पडला पाहिजे. आणि तोच दाब सी वरून काढला, म्हणजे एक भागिले सी चं वर्गमूळ अधिक एक, तर दोन्ही जवळपास जुळले पाहिजेत. तुमच्या दुसऱ्या अहवालाला लावून बघा: १२२५ चं वर्गमूळ ३५, एक भागिले ३६ म्हणजे ०.०२८. पट्टी ०.०१ ते ०.०८, आकडा आत बसतो. उरलेल्या कसोट्यांसाठी त्यांच्याकडून बिंदूंचा तक्ता मागवा.

हे तुमच्या दोन प्रयोगशाळांपुरतं आहे असं समजू नका. २०२२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात आधीच मोजून ठेवलेले अठरा आयसोथर्म एकसष्ट प्रयोगशाळांना पाठवले होते, फक्त बीईटी पृष्ठफळ काढायला. मोजायचं काही नव्हतं, वजन नाही, डीगॅसिंग नाही. तरी प्रत्येक आयसोथर्मसाठी आकड्यांची मोठी रांग आली. सगळा फरक कोणी कुठली पट्टी निवडली यातून.

मग १०४५ खरा का नाही? कारण फरशीची उपमा तुमच्या फटीत चालत नाही. जी खोली दोन-तीन रेणूंएवढीच रुंद आहे, तिथं मधला रेणू कोणत्या भिंतीचा? गणित त्यालाही पृष्ठभागावरचा धरतं. एक पडताळा माझ्या फार आवडीचा आहे. कार्बनचा सगळ्यात जास्त पृष्ठभाग कधी मिळेल? ग्राफीनचा एकच थर सुटा केला आणि दोन्ही बाजू मोजल्या तर. तो आकडा ग्रॅममागे सुमारे २६३० चौरस मीटर येतो. आणि पोटॅश लावून सक्रिय केलेल्या कार्बनचे तीन हजारांवरचे बीईटी आकडे सर्रास छापले जातात. त्यात कडांचा वाटा थोडा असेलही, पण बराचसा हिस्सा भरलेल्या फटींचाच आहे. म्हणून अशा मालासाठी आकड्यापुढे ‘बीईटी पृष्ठफळ’ असंच लिहावं आणि तो बोटाच्या ठशासारखा वापरावा: एकाच पद्धतीनं काढलेल्या दोन नमुन्यांची तुलना करायला चांगला, जमीन मोजायला नाही. सूक्ष्मरंध्री कार्बनसाठी रंध्रांचं आकारमान हा माझ्या मते जास्त प्रामाणिक आकडा आहे. वायू फटीत भरतोच, तर किती भरला तेच सांगा.

एक गोष्ट पुण्यातल्या लोकांसाठी. सापेक्ष दाब म्हणजे प्रत्यक्ष दाब भागिले संपृक्त दाब, म्हणजे ज्याला वायू द्रव होऊ लागतो तो दाब. हा संपृक्त दाब ७६० टॉर (टॉर हे दाबाचं एकक) धरायचा अशी एक समजूत आहे. मुंबईत ते जवळपास चालून जाईल. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, इथं हवेचाच दाब ७१० टॉरच्या आसपास असतो, म्हणून लिक्विड नायट्रोजन ७७.३५ केल्विनऐवजी अर्ध्या-पाऊण अंशानं खाली उकळतो आणि संपृक्त दाबही तसाच उतरतो. त्या तापमानाला एका केल्विनमागे तो ऐंशीएक टॉरनं बदलतो. नवखी असताना मी एकदा तो ७६० भरून रात्री यंत्र लावून घरी गेले. सकाळी पाहते तर यंत्र सापेक्ष दाब ०.९५ गाठायच्या नादात रात्रभर वायू सोडत बसलेलं, आणि नळीच्या तळाशी नायट्रोजन द्रव होऊन साठलेला. तो बिंदू गाठणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून संपृक्त दाब प्रत्येक वेळी शेजारच्या वेगळ्या नळीत मोजायचा हे ठरून गेलं. ड्यूअरमधला नायट्रोजन शिळा नको, हेही त्यातच आलं. उघड्यावर तो हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि उकळबिंदू वर सरकतो.

आता तो ३.८ चा सुळका. तो तुमच्या कार्बनमध्ये नाही.

रंध्रांचा तो आलेख बीजेएच या १९५१ च्या पद्धतीनं काढलेला असतो. रंध्रात द्रव झालेला वायू कोणत्या दाबाला बाहेर पडतो, त्यावरून केल्विनच्या समीकरणानं रंध्राची रुंदी काढायची. उतरत्या बाजूनं, म्हणजे वायू परत काढताना, आतलं द्रव ताणाखाली असतं. ७७ केल्विनला नायट्रोजन हा ताण सापेक्ष दाब ०.४५ ते ०.४२ पर्यंतच सोसतो. अरुंद तोंडामागे अडकलेलं जे काही द्रव असेल ते तिथं एकदम निसटतं, मग आतली खोली पाच नॅनोमीटरची असो की पंधराची. तुमच्या आयसोथर्ममध्ये वरची आणि खालची रेषा तिथंच एकदम मिळताना दिसेल. सॉफ्टवेअरला हे कळत नाही. एवढा वायू एका दाबाला सुटला म्हणजे त्या दाबाला शोभणाऱ्या मापाची ढीगभर रंध्रं असणार, असं ते मानतं, आणि ते माप येतं ३.८ च्या आसपास. चिपाड असो, करवंटी असो, चिकणमाती असो, सगळ्यांत तोच सुळका. जगभरच्या मालात एकाच मापाची रंध्रं निसर्ग कशाला ठेवेल? तपासायचं असेल तर बीजेएच चढत्या बाजूवर लावायला सांगा, सुळका विरघळेल. त्यावर ‘सुव्यवस्थित मध्यमरंध्रं’ (दोन नॅनोमीटरहून रुंद रंध्रं) असं काही लिहून ठेवलं असेल तर आत्ताच खोडा.

सरासरी व्यासाचीही तीच गत. तो चार गुणिले आकारमान भागिले पृष्ठफळ एवढंच असतो. दुसऱ्या अहवालात आकारमान ०.५८ घन सेंटिमीटर असेल तर २.२ नॅनोमीटर येईल. प्रत्यक्षात तुमच्याकडे एक नॅनोमीटरच्या आसपासच्या फटी आणि काही मोठ्या पोकळ्या असाव्यात, २.२ चं रंध्र कदाचित एकही नसेल. गावात निम्मी घरं एकमजली आणि निम्मी तीनमजली असली तर सरासरी दोन येते, पण दुमजली घर शोधत फिरू नका.

रंध्रांची वाटणी, म्हणजे कुठल्या मापाची रंध्रं किती, हवीच असेल तर डीएफटीवर (फटीत रेणू कसे भरतात याच्या सैद्धांतिक गणितावर) आधारलेलं गणित करून घ्या, पण त्यात निवडलेलं प्रारूप कार्बनचं, फटीच्या आकाराचं आणि ७७ केल्विनच्या नायट्रोजनचं आहे ना ते विचारा. यादीतलं पहिलं नाव दाबून झिओलाइटचं प्रारूप कार्बनला लावलेलं मी पाहिलं आहे, आणि आलेख सुबक येतो हीच त्यातली फसगत. साध्या प्रारूपात एक नॅनोमीटरला एक खड्डा दिसतो, तोही गणिताचाच. गुळगुळीत भिंत धरल्यामुळे येतो. भिंतीचा खडबडीतपणा धरणारं प्रारूप उपलब्ध असेल तर तेच घ्या.

अगदी अरुंद फटींसाठी नायट्रोजन फारसा कामाचा नाही. ७७ केल्विनला तो इतका गारठलेला असतो की ०.४५ नॅनोमीटरच्या आत शिरायला त्याला तासन्‌तास लागतात. तिथं कार्बन डायऑक्साइड वापरतात, २७३ केल्विनला. त्यासाठी ड्यूअरमध्ये लागतं बर्फ आणि पाणी, बस्स. त्या तापमानाला त्याचा संपृक्त दाब सुमारे २६,१४० टॉर आहे, म्हणून एक वातावरण दाबापर्यंत मोजलं तरी सापेक्ष दाब ०.०३ च्या आतच राहतो आणि साध्या यंत्रावरही बारीक फटी दिसतात. मात्र त्यात एक नॅनोमीटरच्या पुढचं काही कळत नाही. ऑक्सिजनयुक्त गटांनी भरलेल्या पृष्ठभागावर नायट्रोजन विशिष्ट दिशेनं चिकटतो, म्हणून आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींत सूक्ष्मरंध्रांसाठी ८७ केल्विनचा आर्गन सुचवला आहे. तत्त्वतः मला मान्य आहे. पण द्रव आर्गन आणायचा खर्च आणि खटाटोप पाहता, तुमच्या कामाला नायट्रोजन आणि बर्फातला कार्बन डायऑक्साइड ही जोडी पुरे.

राहिला मेथिलीन ब्लू. नायट्रोजनचा रेणू ०.३६ नॅनोमीटरचा; मेथिलीन ब्लू चपटा असला तरी सुमारे १.४ लांब आणि ०.६ रुंद, शिवाय पाण्यात तो एकटा नसतो, भोवती पाणी असतं. दहा गुंठ्यांतल्या ज्या फटींत नायट्रोजन आरामात शिरतो त्यांच्या दारातच हा अडतो. म्हणून रंगाचा आकडा एकूण पृष्ठफळाशी जुळवू नका. डीएफटीच्या वाटणीतून दीड नॅनोमीटरच्या वरचं आकारमान वेगळं काढा आणि तुमच्या तीन-चार नमुन्यांसाठी रंगाची शोषणक्षमता त्याच्याशी जुळते का ते बघा. आम्लानं सक्रिय केलेल्या कार्बनवर आम्लधर्मी गट असतात, त्यामुळे द्रावणाचा सामू किती होता यावरही बरंच अवलंबून आहे; सामू उतरला की धन भार असलेल्या या रंगाला हायड्रोजन आयनांशी जागेसाठी भांडावं लागतं.

आता पुढचं काम. पहिल्या प्रयोगशाळेला दोष देणारा ईमेल पाठवू नका. डीगॅसिंगनंतरचं वजन आणि आयसोथर्मचे मूळ बिंदू एवढंच मागा, बहुतेक ठिकाणी फाइल जपलेली असते. ते वजन ०.०८८ च्या आसपास निघालं आणि नवी पट्टी लावून आकडा १०४५ च्या शेजारी आला, तर तुमच्याकडे दोन स्वतंत्र मोजणी आहेत आणि पुन्हा पैसे भरायची गरज नाही. निबंधात आकड्याबरोबर वायू, तापमान, डीगॅसिंगचं तापमान आणि वेळ, निवडलेली पट्टी आणि सी हे सगळं लिहा, आणि आयसोथर्मच्या दोन्ही बाजू आलेखात दाखवा. गाईडना मोठा आकडा हवा होता, तो मिळतोच आहे. फक्त कारण वेगळं आहे.

आणि एक शंका मनात राहिली आहे. कार्बन धुताना शेवटच्या पाण्याचा सामू पाहिला होता का? फॉस्फेट नीट धुतलं गेलं नाही तर ते फटी बुजवतं आणि वजनातही भरतं, आणि ते ३०० अंशांच्या डीगॅसिंगनं जात नाही. थोडा कार्बन गरम पाण्यानं, पाणी सात सामूच्या जवळ येईपर्यंत पुन्हा धुवा, वाळवा, आणि आधी फक्त मेथिलीन ब्लू लावून बघा. त्याला रंगमापी आणि एक दुपार पुरते.